हेरिटेज इमारतीत गाळा घेताय? टोकन द्यायच्या आधी हे वाचा

ट्रेनिंगमध्ये एक प्रश्न बऱ्याचदा येतो. "सर, नया नगरमध्ये धंदा सेट झालाय. आता फोर्टला जुन्या दगडी इमारतीत मालकीचा गाळा मिळतोय, घेऊ का?" लोकेशन भारी, गिऱ्हाईक भारी. पण इमारत हेरिटेज यादीत असेल तर हिशोब बदलतो. जागेचे पैसे तुम्ही भरता, पण तिचं काय करायचं हे तुम्ही एकटे ठरवू शकत नाही.

आपल्या मीरा रोडला इमारत थकली की सोसायटी मीटिंग लावते आणि रिडेव्हलपमेंटची बोलणी सुरू होतात. मुंबईत १९९५ पासून हेरिटेजचे वेगळे नियम आहेत. ग्रेड १ मध्ये अगदी गरजेपुरतंच काम करता येतं. २अ, २ब आणि ३ मध्ये सूट वाढत जाते, पण महापालिका आणि हेरिटेज समितीची प्रक्रिया आहेच. म्हणजे पोटमाळा, नवं शटर, एसीचं आउटडोअर युनिट, सगळं आधी विचारून. फाईल फिरत असते तेव्हा बँकेचा हप्ता थांबत नाही, हे लक्षात ठेवा.

बोर्डाचंही तसंच. डी. एन. रोडवर दुकानांचे बोर्ड कमानीच्या आत, इमारतीचा दर्शनी भाग झाकणार नाही असे बसवले गेले. रस्ता सुंदर झाला, यात वाद नाही. पण तुमचा धंदा मोठ्या चमकत्या बोर्डावर चालत असेल तर आधीच विचार करा.

दुसरा मुद्दा दुरुस्तीचा. सागवान, चुना, कोरीव दगड, त्यातले कारागीर, सगळंच महाग. त्यात जुने भाडेकरू असतील तर भाडं वर्षाला ४ टक्केच वाढतं. मग खर्च कोणी करायचा? काळा घोड्याचं एस्प्लनेड मॅन्शन बघा. पूर्वीचं वॉटसन हॉटेल, १८६० च्या दशकातलं, लोखंडी सांगाड्याचं, ग्रेड २अ. २००५ मध्ये त्याचा काही भाग कोसळला आणि २०१९ मध्ये म्हाडाने इमारत रिकामी केली. आत ज्यांची ऑफिसं होती, त्यांनी एका झटक्यात पत्ता गमावला.

"पण टीडीआर मिळतो ना?" मिळू शकतो, अटींसह. पण तो हक्क प्लॉटच्या मालकाचा, एका गाळ्याच्या खरेदीदाराने त्यावर गणित मांडू नये.

आणि स्वतःची इमारत यादीत नाही म्हणून निवांत राहू नका. वसईच्या किल्ल्यासारख्या केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आहे, दुरुस्तीलाही परवानगी लागते. त्यापुढच्या २०० मीटरमध्येही परवानगी घेऊनच बांधता येतं.

मग घ्यायचंच नाही का? घ्या की! कॅफे, पुस्तकं, हातमागाचे कपडे अशा धंद्याला जुनी वास्तू स्वतःच जाहिरात करते. फक्त टोकनआधी चार गोष्टी करा:

१. ग्रेड कोणती आणि पूर्ण परिसर यादीत आहे का, हे महापालिकेकडून लेखी घ्या.
२. आधीच्या मालकाने केलेल्या बदलांची परवानगी बघा.
३. स्ट्रक्चरल ऑडिट मागा आणि दुरुस्तीचा खर्च कोणावर, हे करारात लिहून घ्या.
४. दुकान सुरू होईपर्यंत किमान सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवा.

हे चार कागद जुळले तर बिनधास्त पुढे जा. नाहीतर हात जोडा आणि दुसरा गाळा बघा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!