चहाच्या पेढीतील गणकयंत्र

गणकयंत्राचा इतिहास सांगणारे बहुधा रणांगणापासून आरंभ करतात. तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके, शत्रूच्या गुप्तलिपीची उकल, परमाणूविषयीची गणिते असा तो प्रवास असतो, आणि तो खोटाही नाही. परंतु महिनाअखेर ज्याच्या हाती पगाराचा कागद पडतो त्या सामान्य चाकरमान्याचा या यंत्राशी जो संबंध आला, त्याचे मूळ शोधू गेल्यास ते कोणत्याही युद्धखात्यात न सापडता चहा आणि केक विकणाऱ्या लंडनच्या एका पेढीच्या हिशेबखात्यात सापडते, ही गोष्ट निदान मला तरी त्या साऱ्या रणकथांहून अधिक मनोरंजक वाटते.

जे. लायन्स आणि कंपनी ही ती पेढी. तिची चहागृहे शहरभर पसरलेली, आणि त्यांना लागणारा पाव, केक नि आइस्क्रीम तिच्याच कारखान्यांतून निघे. एकेका विक्रीवरचा नफा पेनीच्या अंशांत मोजायचा आणि विक्रीला मात्र गणती नाही, असा हा धंदा असल्यामुळे कारकुनांची मोठी फौज तिला पदरी बाळगावी लागे. केंब्रिजला गणित शिकून 1923 साली तेथे चाकरीस लागलेल्या जॉन सिमन्स यांनी, इलेक्ट्रॉनिक यंत्राची कल्पनाही कोणाच्या मनात नव्हती तेव्हापासून, कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कशासाठी जातो, आणि तो गेलाच नाही तर कोणाचे काय अडते, याची चिकाटीने तपासणी चालविली होती. पुढे जे घडले त्याचे निम्मे श्रेय मी या तपासणीला देईन.

1947 साली पेढीचे दोन अंमलदार, थॉम्पसन आणि स्टँडिंगफर्ड, अमेरिकेतील कचेऱ्यांची कामाची रीत पाहण्यास गेले. एनिअॅक या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्राच्या उभारणीत वाटा असलेले हर्मन गोल्डस्टाईन त्यांना प्रिन्स्टन येथे भेटले, आणि कचेरीच्या कामी येईल असे यंत्र तुमच्याच देशात, केंब्रिजला मॉरिस विल्क्स बांधीत आहेत, असे त्यांच्याकडून कळले. काखेत कळसा म्हणतात तो हाच! परतल्यावर पेढीच्या संचालकांनी विल्क्स यांना पैसा दिला, आपला एक तंत्रज्ञही मदतीस धाडला, आणि 6 मे 1949 रोजी विल्क्स यांचे एडसॅक यंत्र चालू झाल्यावर, त्याच नमुन्यावर आपले स्वतःचे यंत्र बांधण्याचे काम जॉन पिंकर्टन या अभियंत्याकडे सोपविले. त्याचे नाव ठेवले ‘लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस’, म्हणजे आद्याक्षरांनी ‘लिओ’.

हॅमरस्मिथ भागातील कॅडबी हॉल या पेढीच्या मुख्य ठाण्यात हे यंत्र उभे राहिले. त्यात सुमारे सहा हजार व्हॉल्व्ह होते. परंतु त्याची स्मृती हा खरा नवलाचा भाग. सुमारे पाच फूट लांबीच्या, पाऱ्याने भरलेल्या नळ्यांच्या एका टोकाला स्फटिक असे. तो विद्युत्स्पंदाचे ध्वनिलहरीत रूपांतर करी, ती लहर पाऱ्यातून दुसऱ्या टोकाच्या स्फटिकापर्यंत पोचून पुन्हा विद्युत्स्पंद होई, आणि तो सबळ करून पुन्हा पहिल्या टोकाला सोडला जाई. दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या पोराप्रमाणे, घोकणे चालू असेतोवरच यंत्राला आकडे आठवत. वीज गेली की सारे विस्मृतीत.

शास्त्रज्ञाचे आणि कारकुनाचे गणित यांत एक मूलभूत भेद आहे, व तो ओळखणे ही लिओच्या कर्त्यांची खरी कमाई होय. शास्त्रज्ञ चार आकडे देऊन दीर्घकाळ आकडेमोड करवितो. कचेरीत आकडेमोड किरकोळ, पण आत येणाऱ्या नि बाहेर जाणाऱ्या आकड्यांचा लोंढा अनावर. म्हणून आकडे आत घेण्याच्या आणि बाहेर काढण्याच्या अनेक वाटा एकाच वेळी चालू राहतील अशी योजना त्यांना करावी लागली, आणि तीत त्यांचा बराच काळ खर्ची पडला. नोव्हेंबर 1951 च्या अखेरीस पेढीच्या भट्ट्यांतील मालाच्या मूल्यांकनाचे काम लिओने कायमचे अंगावर घेतले. कचेरीचे नित्याचे काम गणकयंत्राने करण्याची ही सुरुवात. 1954 पासून पगारपत्रकेही त्यावर होऊ लागली. अनुभवी कारकुनाला एका नोकराचा पगार काढण्यास आठ मिनिटे लागत, तेथे यंत्राला दीड सेकंद पुरे होई. त्याच वर्षी पेढीने यंत्रे बांधून विकण्यासाठी निराळी कंपनी काढली. पण केकच्या नफ्यावर हा खर्चिक खटाटोप किती काळ पेलणार? 1963 मध्ये ती इंग्लिश इलेक्ट्रिकच्या संगणक विभागात विलीन झाली.

पेढीतील डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिओसाठी आखलेल्या कामांपैकी मला सर्वांत पसंत पडते ते चहागृहांच्या मागणीचे. प्रत्येक चहागृहाची, आठवड्याच्या प्रत्येक वाराची, ठरीव मागणी यंत्रापाशी आधीच नोंदलेली असे. दुपारी कॅडबी हॉलमधून त्या त्या चहागृहाच्या व्यवस्थापक बाईंना दूरध्वनी जाई, आणि उद्या पाव अधिक हवा की केक कमी, एवढेच त्यांनी सांगायचे. ऐकणारी मुलगी ते लगोलग कार्डावर छिद्रांच्या रूपाने उमटवी. ज्या जिनसांत फरक नाही त्यांविषयी बाईंनीही बोलायचे नाही आणि मुलीनेही लिहायचे नाही. बाकीची जुळवाजुळव लिओ करी, आणि कोणत्या चहागृहासाठी काय बांधायचे याच्या याद्या कारखान्यांच्या हाती वेळेवर पडत.