कूलर घेताय? आधी उष्णतेचा हिशेब मांडा

विदर्भात 'कूलर' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येतो तो खिडकीला बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपवणारा पत्र्याचा भला मोठा खोका. संगणकाच्या कॅबिनेटमध्येही एक कूलर असतो. तो तळहाताएवढा किंवा फार तर वीतभर उंचीचा असतो. पण त्याच्याविना प्रोसेसर काही मिनिटेही नीट काम करू शकत नाही. एरवी त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते मे महिन्यातल्या दुपारी, जेव्हा प्रकल्प सादर करण्याची मुदत तोंडावर आलेल्या विद्यार्थ्याचा संगणक अचानक रेंगाळू लागतो, पंखा घरघरतो आणि शेवटी पडदा काळा होतो.

अशा वेळी 'प्रोसेसर जुना झाला, मदरबोर्डासकट बदला' हा सल्ला सहज मिळतो आणि खर्चाचा आकडा वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. प्रत्यक्षात अनेकदा दुखणे प्रोसेसरचे नसून त्याच्या डोक्यावरच्या कूलरचे असते. त्याचा इलाज दोन-अडीच हजारांत, तर कधी निव्वळ ब्रश आणि फडक्यानेही होतो. मात्र त्यासाठी उष्णतेचा साधा हिशेब समजून घेतला पाहिजे.

वॅटचे दोन आकडे

प्रोसेसर जेवढी वीज घेतो, ती जवळपास सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून कूलर निवडताना पहिला प्रश्न असतो तो वॅटचा. येथे ग्राहकाची एक फसगत होते. खोक्यावर छापलेला आकडा आणि पूर्ण ताणाखाली लागणारी वीज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंटेलच्या कोअर आय ५-१२४०० या प्रोसेसरवर '६५ वॅट' असे लिहिलेले असले, तरी कंपनीच्याच तपशिलानुसार वेग वाढवताना तो ११७ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचा रायझन ५-५६०० हाही '६५ वॅट'चाच म्हणवला जातो. त्याची प्रत्यक्ष मर्यादा ७६ वॅट आहे. कूलर निवडावा तो या दुसऱ्या आकड्यावरून.

दुसरा मुद्दा खोलीच्या तापमानाचा. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. त्याची कर्तबगारी मोजायची ती खोलीच्या तापमानापेक्षा प्रोसेसर किती अंशांनी वर राहतो, यावर. समजा, डिसेंबरात खोलीत २२ अंश सेल्सिअस तापमान आहे आणि पूर्ण ताणाखाली प्रोसेसर ७२ अंशांवर आहे. म्हणजे फरक ५० अंशांचा. कूलर, पंख्याचा वेग आणि काम तेच असेल, तर हा फरक मे महिन्यातही साधारण तेवढाच राहतो. मात्र खोली ४२ अंशांवर गेली की प्रोसेसर ९२ वर पोहोचू पाहतो. रायझन ५-५६०० साठी कंपनीने ठरवलेली कमाल मर्यादा ९० अंश आहे. ती गाठताच प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. हिवाळ्यात सुरळीत चालणारा संगणक उन्हाळ्यात का रखडतो, याचे उत्तर या साध्या बेरजेत आहे. फरक ५० वरून ३५ अंशांवर आणणारा कूलर बसवला, तर त्याच दुपारी प्रोसेसर ७७ अंशांवर राहील.

आधी बिनखर्चाचे उपाय

खरेदीपूर्वी मोजमाप करावे. तापमान दाखवणारी 'कोअर टेम्प' किंवा 'एचडब्ल्यूइन्फो' यांसारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. नेहमीचे जड काम अर्धा तास चालू ठेवून आकडा टिपून घ्यावा. मग संगणक बंद करून, वायर काढून कॅबिनेट उघडावे. कूलरच्या पात्यांत धुळीचे लोकरीसारखे थर साचले असतील, तर मऊ ब्रशने ते काढावेत. या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा. कॅबिनेटमध्ये पुढून हवा आत आणि मागून बाहेर, असा मार्ग मोकळा आहे का, हेही पाहावे. भिंतीला चिकटवलेल्या किंवा टेबलाच्या बंद कप्प्यात कोंबलेल्या कॅबिनेटला महागडा कूलरही वाचवू शकत नाही. तो तीच गरम हवा फिरवत राहतो.

आणखी एक उपाय बायोसमध्ये आहे. रायझन ५-७६००एक्स हा प्रोसेसर १४२ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. 'इको मोड'मध्ये ६५ वॅटचा पर्याय निवडला की ही मर्यादा ८८ वॅटवर येते. रोजच्या कामात वेगातला फरक फारसा जाणवत नाही, उष्णता मात्र बरीच घटते.

तांब्याच्या नळीत पाणी

एवढे करूनही तापमान मर्यादेजवळ राहात असेल, तर नवा कूलर घेणे योग्य. प्रोसेसरसोबत मिळणारा कूलर बहुधा ॲल्युमिनियमचा आखूड गोल ठोकळा असतो. बाजारातील 'टॉवर' कूलरची रचना वेगळी असते. त्याच्या तळातून तांब्याच्या नळ्या वर निघतात आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या चळतीतून जातात. या नळ्या पोकळ असतात. आतली हवा काढून घेऊन त्यांत थोडेसे पाणी बंदिस्त केलेले असते. दाब कमी असल्याने ते पाणी कमी तापमानालाच उकळते. वाफ वरच्या थंड टोकाकडे धावते, तेथे उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून खाली परतते. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशा नळीवर प्रयोग केले. पुढे उपग्रहांतही वापरले गेलेले हे तंत्र आता दोन हजारांच्या कूलरमध्ये मिळते. खिडकीतल्या कूलरप्रमाणे येथेही बाष्पीभवनच कामी येते. फरक इतकाच की हे पाणी कधी भरावे लागत नाही.

खरेदीची पट्टी

साधारण १५०० ते ३००० रुपयांच्या दरम्यान चार नळ्यांचे आणि १२० मिलिमीटर पंख्याचे टॉवर कूलर मिळतात. डीपकूलचा एके ४००, कूलर मास्टरची हायपर २१२ मालिका, थर्मलराइटची असॅसिन एक्स मालिका ही या वर्गातली परिचित नावे. ६५ वॅटची मोहोर असलेल्या बहुतेक प्रोसेसरना हा वर्ग पुरेसा ठरतो. त्याहून तापट प्रोसेसर असेल, तरच दोन मनोऱ्यांच्या कूलरचा विचार करावा. नावापेक्षा पुढील चार गोष्टी तपासणे महत्त्वाचे.

पहिली, सॉकेट. इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटची छिद्रे आधीच्या १२०० पेक्षा थोडी दूर असतात. त्यामुळे जुना कूलर वेगळ्या पट्ट्यांशिवाय त्यावर बसत नाही. एएमडीच्या एएम ४ साठीचे अनेक कूलर एएम ५ वर चालतात. मात्र मदरबोर्डामागची मूळ पट्टी वापरणारेच.

दुसरी, उंची. एके ४०० हा १५५ मिलिमीटर उंच आहे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकातील कूलरच्या उंचीची मर्यादा न पाहता खरेदी केल्यास झाकण बंद होत नाही.

तिसरी, रॅमच्या पट्ट्यांना अडथळा होतो का, ही.

चौथी, पंखा. तो चार पिनांचा असावा, म्हणजे मदरबोर्ड त्याचा वेग गरजेनुसार कमी-जास्त करू शकतो. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुरेशी हवा देतो, म्हणून त्याचा आवाज कमी.

पाण्याच्या पंपावर चालणारे 'लिक्विड कूलर' दिसायला आकर्षक असले, तरी या वर्गातील प्रोसेसरसाठी तो खर्च अनाठायी आहे. हवेच्या कूलरमध्ये झिजणारी वस्तू एकच, ती म्हणजे पंखा. आणि प्रमाणित आकाराचा असल्यास तो स्वतंत्रपणे बदलता येतो. लॅमिंग्टन रोडवर घ्या अथवा इंटरनेटवरून, पक्के बिल आणि वॉरंटी मागून घ्यावी.

बसवताना घाई नको

चांगला कूलरही चुकीचा बसवला तर व्यर्थ. जुना कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवावा, म्हणजे वाळलेली पेस्ट सैल होते. त्यानंतर संगणक बंद करून कूलर हलकेच पिळत उचलावा. एएम ४ मध्ये सरळ ओढल्यास प्रोसेसरही सॉकेटातून उपटून येतो आणि त्याच्या पिना वाकतात. जुनी पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसावी. नवी पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी पुरे. तिचे काम दोन पृष्ठभागांमधल्या सूक्ष्म फटींतील हवा हटवणे एवढेच, कारण हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे. स्क्रू एकाच बाजूने न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत. आणि सर्वात सामान्य चूक म्हणजे कूलरच्या तळाला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद तसाच ठेवणे. तो आठवणीने काढावा.

शेवटी पहिल्याप्रमाणेच अर्धा तास तेच काम चालवून तापमान पुन्हा टिपावे आणि त्यातून खोलीचे तापमान वजा करावे. आधीचा आणि आताचा फरक कागदावर शेजारी शेजारी लिहिला, की खर्चलेले दोन हजार सार्थकी लागले की नाही, ते कुणाला विचारावे लागत नाही.