विवाहमुहूर्तांतील युति व जामित्र

जुन्या कागदपत्रांत विवाहाचा उल्लेख आला म्हणजे तिथि, लग्न, क्वचित् गुरुशुक्रांचा अस्त, असे शब्द हटकून भेटतात. ते ज्योतिष्याचे म्हणून संशोधक बाजूला सारतो, आणि श्रद्धाळू वाचक ते वेदकाळापासून चालत आलेले समजतो. या दोन्ही समजुती तपासून पाहणें अवश्य आहे. ग्रहांच्या युतीचा दांपत्याशीं संबंध कोणत्या क्रमानें जोडला गेला, व त्या संबंधाचा इतिहासाला कितपत उपयोग होतो, एवढेंच येथें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील ८५ वें सूक्त सूर्येच्या विवाहाचें आहे. त्यांत वधूला नेण्यास अर्जुनी, म्हणजे फल्गुनी, हीं नक्षत्रें सांगितलीं आहेत. गृह्यसूत्रांतही उत्तरायण, शुक्लपक्ष व शुभ नक्षत्र एवढीच अपेक्षा दिसते. वेदांगज्योतिषाचें गणित सूर्यचंद्रांपुरतेंच आहे. त्यांत मेषादि राशि नाहींत व मंगळादि ग्रहांची गतिही नाहीं. तेव्हां ज्या पद्धतीस आज 'वैदिक ज्योतिष' म्हणतात, तिच्यांतील ग्रहयोगांचा विवाहविचार वैदिक वाङ्मयांत शोधणें व्यर्थ होय.

लग्नापासून सातवें स्थान हें जायेचें व भागीदारीचें. त्याची 'जामित्र' ही संज्ञाच त्याच्या वंशाची साक्ष देते. हा शब्द संस्कृत धातूपासून न निघतां 'व्यास' या अर्थाच्या ग्रीक 'दियामेत्रोन्' शब्दापासून आला आहे. लग्नाच्या बरोबर समोर १८० अंशांवर पडणारें स्थान म्हणून हें नांव. राशि व द्वादश स्थानें यांची ही व्यवस्था ज्या आरंभींच्या ग्रंथांतून आपणांस दिसते, त्यांत स्फुजिध्वजाचें यवनजातक प्रमुख होय. डेव्हिड पिंग्री यांनीं १९७८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आवृत्तींत त्याचा काळ इ. स. २६९-७० ठरविला होता. परंतु बिल माक यांनीं २०१३ सालीं नव्या हस्तलिखिताच्या आधारें हें वाचन सदोष ठरवून इ. स. २२ ते सातव्या शतकाचा आरंभ एवढीच मर्यादा मान्य केली. कालिदासानें कुमारसंभवाच्या सातव्या सर्गारंभीं पार्वतीच्या विवाहतिथीस जामित्रशुद्धीचें विशेषण दिलें आहे. परका शब्द तोंवर काव्यांत रुळण्याइतका आपला झाला होता, हें यावरून उघड होतें.

युतीचा स्वतंत्र अध्याय सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहज्जातकांत आहे. पण तेथील फलें बहुतांशीं वृत्ति व स्वभाव यांचीं आहेत. रविचंद्र एकत्र असतां यंत्रें व पाषाणकाम करणारा, रविबुध असतां निपुण व कीर्तिमान्, अशीं तीं सांगितलीं आहेत. मंगळशुक्रांच्या युतीस मात्र परस्त्रीरति व द्यूत हीं फलें जोडलेलीं आहेत.

विवाहाच्या वेळेला युति लावण्याचें काम मुहूर्तग्रंथांनीं केलें. रामदैवज्ञानें शके १५२२ मध्यें काशी येथें रचलेल्या मुहूर्तचिंतामणींत विवाहाच्या दहा दोषांत युति व जामित्र हे दोन आहेत. विवाहसमयीं चंद्राबरोबर सूर्य असतां दारिद्र्य, मंगळ असतां मरण, बुध असतां शुभ, गुरु असतां सौख्य, शुक्र असतां सवत, शनि असतां वैराग्य, व दोन पापग्रह असतां मृत्यु, अशी ही फलांची मालिका आहे. शुक्र हा दांपत्यसुखाचा कारक. तरी त्याच्या युतीनें सवतीचें भय सांगितलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. निर्धनता, वैधव्य, सवत व पतीचा संसारत्याग हींच त्या काळीं वधूपित्याच्या मनांतील संकटें होतीं. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें द्विभार्या निषिद्ध होईपर्यंत सवत ही निव्वळ कल्पना नव्हती. ग्रहयोगांनीं संसार घडतो किंवा बिघडतो, यास प्रयोगसिद्ध पुरावा नाहीं. परंतु समाजास काय भय वाटे, याचा हा अस्सल पुरावा आहे.

सूर्याशीं होणारी युति म्हणजे अस्त. सूर्यसिद्धांतानें गुरूस ११, शुक्रास १० व वक्री शुक्रास ८ कालांश दिले आहेत. सूर्यापासूनचें अंतर यांहून कमी असतां ग्रह दिसत नाहीं. गुरु सुमारें ३९९ दिवसांनीं एकदां सूर्याशीं युत होतो. शुक्र ५८४ दिवसांत दोनदां. त्यांपैकीं वक्री युतीचा अस्त थोड्या दिवसांचा, दुसरा सुमारें दोन महिन्यांचा असतो. या काळांत विवाह वर्ज्य मानीत. म्हणून मिति नसलेल्या पत्रांत शुक्रास्तामुळें लग्न पुढें ढकलल्याचा मजकूर असेल, तर इतर पुराव्यानें ठरलेल्या चार-दोन वर्षांतून नेमकें वर्ष काढण्यास गणित साह्य करतें.

पण याच्या उलट अनुमान करूं नये. अमुक दिवशीं युतिदोष होता, सबब त्या दिवशीं विवाह झालाच नसेल, असें म्हणणें शास्त्रासही धरून नाहीं. चंद्र स्वराशीस, उच्चीं किंवा मित्रराशीस असेल तर युतिदोष लागत नाहीं, असा परिहार सांगितला आहे. शुद्ध लग्न न मिळाल्यास गोरज मुहूर्ताची मोकळीक आहेच. शिवाय निरनिराळ्या करणग्रंथांवरून केलेल्या पंचांगांत अस्तोदयाचे दिवस भिन्न येतात. महाराष्ट्रांत शके १४४२ च्या ग्रहलाघवावरून पंचांगें करण्याची चाल फार पसरली होती. त्या काळच्या पत्रांस आजचें सूक्ष्म गणित लावून जुळत नाहीं म्हणून पत्र बनावट ठरविणें हा अन्याय होईल. जोशाच्या हातीं जें पंचांग होतें, त्याच्याच गणितानें त्याचा मुहूर्त तपासावा. असें केल्यास हे शब्द कालनिर्णयाचें एक साधन होतील. मात्र तें साह्यकारी साधन आहे, स्वतंत्र प्रमाण नव्हे.