गरजेपुरता माणूस

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की तिच्यातला वैद्य आपल्या डोळ्यांसमोर येतच नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो आला, वॉल्टर टलची गोष्ट वाचताना. हा काही वैद्य नव्हे. इंग्लंडमधला फुटबॉलपटू आणि पुढे पहिल्या महायुद्धातला सैनिक. आमच्या गोंदियाहून साता समुद्रापलीकडचा माणूस. तरी त्याच्या आयुष्यातलं बरंच काही मला ओळखीचं वाटलं.

वॉल्टरचा जन्म 1888 चा, इंग्लंडच्या फोकस्टन गावातला. वडील बार्बाडोस बेटावरून आलेले सुतार. आजोबा तर गुलाम होते. आई तिथलीच, गोरी. वॉल्टर सातव्या वर्षात असताना ती कॅन्सरने गेली. वडिलांनी तिच्याच चुलत बहिणीशी, क्लाराशी लग्न केलं आणि थोड्याच काळात 1897 मध्ये तेही गेले. घरात लेकरांचा गोतावळा आणि मिळवतं माणूस नाही. शेवटी क्लाराने एडवर्ड आणि वॉल्टर या दोघांना लंडनच्या अनाथाश्रमात पाठवलं. वॉल्टर तेव्हा नऊ वर्षांचा होता.

‘सावत्र आई ती सावत्रच,’ असं म्हणायला आपली जीभ लगेच वळवळते. पण जून महिन्यात आमच्या देवरी-सालेकसाकडच्या आश्रमशाळांत लेकरं सोडून परतणाऱ्या आया आठवून बघा. लेकरू पोटभर जेवेल, शिकेल, एवढ्याच आशेवर त्या मागे वळून न बघता निघतात. क्लाराला दोष द्यायला माझं तरी मन धजत नाही.

पुढे एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं आणि तो दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर मागे राहिला. छपाईचं काम शिकता शिकता फुटबॉल खेळू लागला. खेळ असा, की 1909 मध्ये लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्पर या बड्या क्लबने त्याला पगारावर घेतलं. इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीत खेळणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी तो एक. पण त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून घाणेरड्या शिव्या घातल्या. तो शांतपणे खेळत राहिला, असं त्या वेळच्या पत्रकाराने लिहून ठेवलंय. नंतर मात्र हळूहळू त्यालाच राखीव संघात बसवलं गेलं. शिव्या देणारे गॅलरीतच राहिले, बाहेर गेला तो हाच! 1911 मध्ये नॉर्दम्प्टन टाऊनने त्याला घेतलं आणि तिथे तो शंभरावर सामने खेळला.

मग 1914 मध्ये युद्ध आलं. फुटबॉलपटूंची एक खास पलटण उभी राहिली. डिसेंबरमध्ये वॉल्टर तिच्यात भरती झाला आणि सार्जंटपदापर्यंत चढला. 1916 मध्ये तोफांच्या भडिमाराने मनावर परिणाम होऊन त्याला परत पाठवावं लागलं. बरा झाला आणि सोमच्या लढाईत पुन्हा उभा राहिला. लष्कराच्या तेव्हाच्या नियमांप्रमाणे युरोपीय वंशाचा नसलेला माणूस अधिकारी होऊ शकत नव्हता. पण अधिकारी भराभर मरत होते. मे 1917 मध्ये वॉल्टर सेकंड लेफ्टनंट झाला. नियम कुणी बदलला नाही, फक्त तेवढ्यापुरती नजर वळवली.

1918 च्या सुरुवातीला इटलीत पिआव्हे नदी ओलांडून त्याने 26 जणांची तुकडी शत्रूच्या बाजूला नेली आणि सगळेच्या सगळे सुखरूप परत आणले. वरिष्ठांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी वाखाणणी केली. त्याच वर्षी 25 मार्चला फ्रान्समध्ये तो गोळी लागून पडला. वय अवघं 29. फुटबॉलचा गोलकीपर असलेल्या त्याच्या एका सैनिकाने त्याला उचलून आणायची धडपड केली, पण शत्रू पुढे सरकत होता. मृतदेह मिळालाच नाही.

ही गोष्ट मी माझ्या भाचीला सांगितली. ती शाळेच्या संघात खेळते. तिने लगेच विचारलं, “मावशी, त्याला पदक मिळालं न?”

“नाही गं. मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती, असं त्याच्या भावाला आलेल्या पत्रात होतं. पदक काही मिळालं नाही.”

“काहून नाही?”

या ‘काहून’चं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्याकडे 1892 च्या सुमारास इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली होती. युद्धात माणसं कमी पडली तशी 1917 मध्ये ‘111 महार’ पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि 1921 मध्ये ती मोडूनही टाकली. पुन्हा महायुद्ध पेटलं, तेव्हा 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली!

आणि बायांचं? पुरुष आघाडीवर गेले, तेव्हा इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या पोरी फुटबॉल खेळू लागल्या. जखमी सैनिकांसाठी पैसे जमवू लागल्या. 1920 च्या नाताळात लिव्हरपूलमध्ये त्यांचा सामना बघायला 53 हजार माणसं आली. डिसेंबर 1921 मध्ये तिथल्या फुटबॉल संघटनेने ठरवलं, की हा खेळ बायकांसाठी योग्य नाही. संलग्न क्लबांची मैदानं त्यांना बंद झाली, ती जवळजवळ 50 वर्षं.

आमचा जिल्हा धानाचा. रोवणीच्या दिवसांत बायांना घरी गाडी पाठवून नेतात. त्यांच्यावाचून बांधीत एक रोप लागत नाही. पण सातबाऱ्यावर नाव चढवायची वेळ आली, की त्यातल्या कितीजणी कुणाला आठवतात?

नॉर्दम्प्टनच्या मैदानाशेजारी 1999 मध्ये वॉल्टरचं स्मारक झालं. तो गेल्यावर 81 वर्षांनी. भाचीला मी एवढंच सांगते, की कामाला बोलावलं तर जरूर जा, जीव ओतून कर. पण गरज त्यांची असते तेव्हाच विचारून घे, माझं नाव कुठे लिहिणार? काम झाल्यावर विचारलं, तर ऐकायला कुणी थांबत नाही.