जुन्या मोटारीत मोठे स्पीकर बसविताना

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून बाहेर पडू लागलेली आणि पुढे पद्मिनी या नावाने सर्वतोमुखी झालेली फियाट मोटार मुंबईच्या टॅक्सीतळांवरून 2023 साली कायमची अस्तंगत झाली असली, तरी ती जिव्हाळ्याने जतन करणारी माणसे महाराष्ट्रात अजून थोडीथोडकी नाहीत. आणि इंजिन, ब्रेक व आसने यथास्थित झाली, की त्यांतील बहुतेकांच्या मनात पुढची इच्छा उद्भवते ती चांगल्या संगीताची. ही इच्छा सर्वथा रास्त आहे. परंतु तिच्या पूर्ततेसाठी बाजारातला मोठ्यात मोठा स्पीकर आणून, पत्रा कापून, तो तेथे आवळून टाकण्याची जी घाई केली जाते, तिने ध्वनी क्वचितच सुधारतो. मोटार मात्र हमखास दुखावते.

त्या काळी मोटारीत रेडिओ असलाच, तर त्याच्या दिमतीला बहुधा एकच लहानसा स्पीकर असे. रेडिओसाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, त्याचे नूतनीकरण करावे लागे, आणि एवढे सोपस्कार पार पडल्यावर मीडियम वेव्हवरून जे ऐकू येई, त्यात निवेदकाचा स्वर व गाण्याचे शब्द स्पष्ट असले तरी वरच्या स्वरांची झळाळी मुळातच फारशी नसे. त्या मर्यादित ध्वनीला तो लहान स्पीकर पुरेसा होता. आजच्या ध्वनिमुद्रणातला डग्ग्याचा घुमारा किंवा तंबोऱ्याचा खर्ज त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे, याचे कारण अगदी साधे आहे: खालचा स्वर निर्माण करण्यासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. स्वराची कंपनसंख्या निम्मी झाली, की ध्वनीचा जोर तेवढाच राखण्यासाठी स्पीकरच्या शंकूला चौपट अंतर मागेपुढे सरकावे लागते. लहान शंकूला ते साधत नाही. चार इंचांच्या जागी साडेसहा इंचांचा स्पीकर आला, तर व्यास दीडपटीहून थोडाच अधिक होतो, पण क्षेत्रफळ अडीचपटीच्या पुढे जाते, आणि टॅक्सीवाल्यांच्या आवडीचा सहा-नऊ इंची लंबगोल स्पीकर तर त्याहूनही मोठे क्षेत्र व्यापतो.

येथवरचा हिशेब सर्वांना पटतो. दुर्लक्ष होते ते पुढच्या गोष्टीकडे. शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी पाठीमागची हवा विरळ होते; या दोन लाटा परस्परविरुद्ध असल्यामुळे त्यांना एकत्र येण्यास वाट मिळाली, की खालचे स्वर एकमेकांना मिटवून टाकतात. उघडा स्पीकर हातात धरून वाजवून पाहावा, म्हणजे कितीही मोठा असला तरी तो किती पोकळ वाजतो याचा प्रत्यय येईल. तेव्हा शंकूची पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्यामध्ये अभेद्य पडदा उभारणे हेच या कामातले खरे कौशल्य होय, आणि जुन्या मोटारीत नेमका तोच पडदा ठिकठिकाणी फाटलेला असतो.

पद्मिनीच्या मागच्या काचेखालची फळी या दृष्टीने मोठी सोयीची जागा, कारण तिच्याखाली डिकीची प्रशस्त पोकळी आयतीच मिळते. परंतु आसनाच्या पाठीमागच्या फटी बुजविल्या नाहीत, तर डिकीतली लाट त्यांतून आत शिरते. शिवाय पातळ पुठ्ठ्याची फळी स्वतःच थरथरू लागते. दारांची अडचण निराळी. तेथे स्पीकरचे चुंबक खाली उतरणाऱ्या काचेला अडण्याचा धोका असतो, म्हणून स्पीकर किंचित बाहेर आणणारे कडे घालण्याची तजवीज करावी लागते. हे कडे एमडीएफचे करू नये. पावसाळ्यात काचेवरून ओघळलेले पाणी दाराच्या पोकळीतूनच खाली निथळते, आणि कोकणातल्या एकाच आषाढात ते लाकूड फुगून भुसभुशीत होते. मरीन प्लायवूड किंवा टणक प्लास्टिक वापरावे. पत्र्यावर ब्यूटिलचे जड पट्टे चिकटवून तो मुका करावा, आतल्या मोठ्या भोकांवर झाकणे बसवावीत, पण दाराच्या तळाशी असलेली पाणी जाण्याची छिद्रे बुजणार नाहीत याचा कटाक्षाने बंदोबस्त ठेवावा, नाहीतर गंज दार खाऊन टाकील.

तारांची जोडणी उलटसुलट झाली, तर एक शंकू पुढे येत असता दुसरा मागे जातो व खर्ज पुन्हा नाहीसा होतो. दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारांना लावून दोन्ही शंकू एकाच दिशेने हलतात ना, एवढे पाहिले म्हणजे ही शंका फिटते. खोक्यावर छापलेल्या वॅटांच्या आकड्यांना मात्र भुलू नये: चौदा व्होल्टच्या पुरवठ्यावर साधा कारस्टीरिओ चार ओहमच्या स्पीकरला पंचवीस वॅटांपलीकडे स्वच्छ शक्ती देऊच शकत नाही. त्यापेक्षा संवेदनक्षमतेचा आकडा पाहावा. तो तीन डेसिबलने अधिक असणे म्हणजे शक्ती दुप्पट करण्यासारखेच आहे. स्वतंत्र अँप्लिफायर घ्यायचाच, तर डायनामोवर चालणाऱ्या जुन्या गाडीत इंजिन मंद असता बॅटरीला जवळजवळ काहीच मिळत नाही, हे आधी विचारात घ्यावे, आणि त्याच्या तारेवर बॅटरीच्या अगदी निकट फ्यूज घालावा. पन्नास वर्षांच्या तारांशेजारी ही खबरदारी ऐच्छिक नव्हे.

पत्रा कापण्याला माझी सक्त हरकत आहे. 2021 साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले, त्यांत चासी, सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात असणे अपेक्षिले आहे. आणि नियम बाजूला ठेवला, तरी कुर्ल्याचा तो पत्रा पुन्हा बनणार नाही. प्लायवूडची स्वतंत्र फळी करून ती मूळच्याच भोकांतून आवळावी आणि मूळ पुठ्ठा माळ्यावर जपून ठेवावा. यासाठी मिस्त्रीकडून आधी जाड कागदाचा साचा कापून घ्यावा, काच पूर्ण खाली उतरवून मागे किती खोली उरते ते मोजावे, आणि मगच लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात जाऊन, व्यासाच्या आधी चुंबकासकट खोलीचे माप विचारावे.