मद्य, बुरशी आणि एक राजाज्ञा

इ. स. पूर्व १०४६ च्या सुमारास चीनच्या पश्चिम भागातील चौ लोकांनी शांग राजघराण्याचा पराभव केला. पुढे काही वर्षांनी, एक बंड मोडून काढल्यावर, शांगांचा जुना मुलूख कांग शू या राजबंधूकडे सोपविण्यात आला. त्या वेळी त्याला दिलेली एक आज्ञा 'शूजिंग' या प्राचीन ग्रंथात आहे. तिचा विषय आहे मद्य. शांगांचे शेवटचे राजे व अधिकारी मद्यात बुडाले म्हणून स्वर्गाने त्यांचे राज्य काढून घेतले. यापुढे मद्य पूजाविधीपुरतेच असावे. घोळका करून पिणाऱ्यांना पकडून आणावे व देहदंड द्यावा, असा तिचा आशय आहे. शांगांच्या जुन्या अधिकाऱ्यांना मात्र सवलत होती. त्यांना लगेच मारू नये, आधी शिकवून पाहावे!

दारूने राज्य बुडाले हे कारण ऐकायला सोपे वाटते. पण हा आरोप जिंकणाऱ्यांनी हरलेल्यांवर केलेला आहे. तो तपासायचा तर प्रथम हे मद्य काय होते ते पाहायला हवे.

ताडाच्या रसात, मोहाच्या फुलांत किंवा द्राक्षांत साखर आयती असते. यीस्ट तिच्यावर लगेच तुटून पडते आणि काही तासांतच रस आंबू लागतो. तांदूळ किंवा राळे यांचे तसे नाही. त्यांत असते पिष्ट, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंची लांबच लांब साखळी. मद्य तयार करणाऱ्या यीस्टला ही साखळी तोडता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी ती तोडून द्यावी लागते. भाताचा घास मिनिटभर चघळला की गोड लागू लागतो, कारण लाळेतील ॲमिलेज हे विकर हेच काम करते. (वर्गात आयोडीनचे थेंब वापरून हा प्रयोग सहज करून दाखवता येईल.) पश्चिम आशियात आणि युरोपात लोकांनी बार्लीला मोड आणले, मोड येताना धान्यातच ॲमिलेज तयार होते. चीनमध्ये हे काम बुरशीकडून करून घेतले गेले.

भरडलेले धान्य ओले करून त्याच्या वड्या थापायच्या आणि उबदार जागी ठेवायच्या. त्यांवर ॲस्परजिलस, रायझोपस, मोनॅस्कस अशा बुरशी वाढतात, शिवाय यीस्टही वस्तीला येते. या वाळवलेल्या वडीला चिनी भाषेत 'छ्यू' म्हणतात. इसवी सनाच्या सहाव्या शतकात जिया सिश्ये याने लिहिलेल्या शेतीविषयक ग्रंथात ती करण्याच्या सविस्तर कृती आहेत. आपल्याकडे सिक्कीममधील 'मार्चा' आणि मणिपूरमधील 'हमेई' या याच कुळातल्या.

वडी चुरून शिजलेल्या धान्यात मिसळली की एकाच रांजणात दोन कामे बरोबरीने चालतात : बुरशीची विकरे पिष्टाची साखर करतात आणि यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करते. साखर साचून राहत नाही, त्यामुळे तिच्या दाट द्रावणाचा त्रास यीस्टला होत नाही. परिणामी ऊर्ध्वपातन न करताही अल्कोहोलचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. साध्या बिअरमध्ये ते ५ टक्क्यांच्या आसपास असते. आजची कडक चिनी दारू ऊर्ध्वपातनाने मिळते. ती फार नंतरची.

चीनमधील मद्याचा सर्वांत जुना रासायनिक पुरावा याहून कितीतरी आधीचा आहे. हेनान प्रांतातील जियाहू या नवाश्मयुगीन खेड्यात मिळालेल्या मडक्यांच्या तुकड्यांत मुरलेल्या अवशेषांचे विश्लेषण पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केले. काळ इ. स. पूर्व ७००० च्या सुमाराचा. अल्कोहोल तर केव्हाच उडून गेलेले असते, म्हणून त्याच्या सोबत्यांचा माग काढावा लागतो. मधमाश्यांचे मेण सापडले, म्हणजे मध होता. तांदळाच्या खुणा सापडल्या. टार्टारिक आम्लही सापडले. आपल्याला ते चिंचेमुळे ओळखीचे. तिथे मात्र ते द्राक्षांतून किंवा हॉथॉर्नच्या फळांतून आले असावे. तांदूळ, मध आणि फळे यांचे ते मिश्र पेय होते. याच गावात क्रौंच पक्ष्याच्या हाडांच्या बासऱ्याही मिळाल्या आहेत.

शांगांच्या काळी मद्य हे पूर्वजांशी बोलण्याचे साधन होते. पूर्वज प्रसन्न तर पाऊस, पीक, विजय. रुष्ट तर राजाला दातदुखी. भविष्य विचारण्यासाठी वापरलेल्या हाडांवरील लेखांत असे प्रश्न कोरलेले आहेत, आणि पूर्वजांना मद्य अर्पण केल्याच्या नोंदीही. आनयांग येथे १९७६ साली वू दिंग राजाची राणी फू हाओ हिची न लुटलेली कबर सापडली. तीत ब्राँझच्या ४६० हून अधिक वस्तू होत्या. त्यांत तीन पायांचे, चोचीचे 'जुए' ४० आणि कर्ण्यासारखे उंच पेले, म्हणजे 'गू', ५३. शांग-चौ संक्रमणाच्या काळातील चांगझीको येथील कबरीत तर झाकणाच्या पन्नासएक भांड्यांत द्रव अजून शिल्लक होता. ब्राँझ गंजून झाकणे घट्ट बसली होती. त्या द्रवात कापूर आणि इतर सुगंधी वनस्पतिद्रव्ये आढळली.

यावरून शांग सरदार रोज झिंगत होते असे म्हणता येईल का? मला तसे वाटत नाही. ही भांडी विधीची आणि मृतांसाठी होती. एखाद्या देवळातील समयांच्या संख्येवरून गावातील तेलाचा खप काढण्यासारखेच ते होईल. शेवटच्या शांग राजाच्या मद्याने भरलेल्या तळ्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. ती सांगणारा इतिहासकार सिमा छियान हा जवळजवळ हजार वर्षांनंतरचा. पूर्वजांना मद्य चौ लोकही अर्पण करीतच. त्यांच्या विधीत मृत आजोबांच्या जागी नातवाला बसवीत आणि आजोबा म्हणून तो मद्य पिई.

आरोप मात्र चौ राजांनी सोडला नाही. कांग राजाच्या २३ व्या वर्षी ओतलेले 'दा यू दिंग' हे दीडशे किलोहून जड ब्राँझचे पात्र आज बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अधिकारी मद्यात रमले म्हणून शांगांनी सैन्य गमावले, असे त्यावर कोरले आहे. हे 'दिंग' अन्न शिजवण्याचे पात्र आहे, हेही लक्षात घ्यावे.

पण आज्ञा आणि लेख बाजूला ठेवून भांडी मोजली, तर चौ काळाच्या सुरुवातीच्या कबरींतही जुए आणि गू आहेतच. ते दिसेनासे होतात इ. स. पूर्व ८५० च्या आसपास, म्हणजे आज्ञेनंतर दीड-दोनशे वर्षांनी. त्यांच्या जागी दिंग आणि धान्याची पात्रे यांचे संच येतात. किती पात्रे ठेवायची ते मृताच्या दर्जावर ठरे. मद्य विधीतून गेले नाही. ते मोठ्या सुरयांत भरून ठेवले जाऊ लागले.