खोट्याला चाळणी हवी, पण ती कोणाच्या हाती?

जांब समर्थ हे घनसावंगी तालुक्यातले गाव. समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून लोक त्याला ओळखतात. तिथल्या आपल्या वस्तीत एका घरी आम्ही बसलो होतो. नववीतली मुलगी धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणाची तयारी करीत होती. मोबाईलवर गूगलमध्ये शोधून तिने बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य वहीत उतरवले होते. वाक्य टाळ्या घेणारे होते. आजोबांनी विचारले, "बाई, हे कोणत्या खंडात आहे?" मुलीला सांगता येईना. आम्हालाही येईना.

बंधू-भगिनींनो, गूगलसारखे शोधयंत्र म्हणजे काही पंच नव्हे. शब्द किती जुळतात, दुसरी किती पाने त्या पानाकडे बोट दाखवतात, अशा अनेक खुणा पाहून ते क्रम लावते. एकच खोटे वाक्य शंभर ठिकाणी उतरले की तेच वर येऊ शकते. त्यात मराठीत भरवशाचा मजकूर थोडा. रिकाम्या रानात तण माजणारच.

मग शोधयंत्राने खोटे गाळूनच टाकावे काय? खोट्याने जीव जातो, हे आपण पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी, पोटासाठी फिरणारे गरीब लोक होते. ती अफवा व्हॉट्सॲपवरची होती. पण पडद्यावर दिसले ते खरे मानण्याची खोड तीच.

तरीही चाळणी म्हटले की आम्हाला १९८७ साल आठवते. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. त्यात 'रिडल्स इन हिंदुइझम' होते. विरोध झाला आणि शासनाने खंड मागे घेतला. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. अखेर मजकूर राहिला. या मतांशी शासन सहमत असेलच असे नाही, एवढी टीप जोडली गेली. त्या वेळी चाळणी विरोधकांच्या हाती असती, तर बाबासाहेबांचेच शब्द गाळात गेले असते!

अलीकडचे उदाहरण घ्या. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नियम केला की, सरकारी कामकाजाविषयी इंटरनेटवरचे काय खोटे, ते सरकारचाच एक विभाग ठरवील. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नियम घटनाबाह्य ठरवला. आरोपीच न्यायाधीश झाला तर दाद कोणाकडे मागायची?

म्हणून आमचे मत असे. ज्या खोट्याने जीव धोक्यात येतो, जसे विषारी औषधोपचार, दंगलीची अफवा, ते शोधयंत्राने खाली ढकलावे आणि तसे उघड सांगावे. बाकी वादाच्या गोष्टी पुसू नयेत; शेजारी पुरावा आणि दुसरी बाजू दाखवावी. ज्याचे पान खाली गेले त्याला कारण कळावे व दाद मागता यावी. आणि मराठी मजकूर पारखायला मराठी जाणणारी माणसे असावीत.

पण सगळा भार यंत्रावर टाकून चालणार नाही. केसपुत्त गावच्या कालामांना भगवान बुद्धांनी हेच समजावले होते: केवळ ऐकिवात आहे, परंपरेने आले आहे किंवा गुरू म्हणतो आहे, म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. हे कालाम सुत्त आज मोबाईलजवळ ठेवण्यासारखे आहे. कोणी म्हटले, केव्हा म्हटले, कुठे छापले, हे तीन प्रश्न घरातल्या लहानथोरांनी विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर पुढे पाठवू नये.

त्या मुलीने ते वाक्य खोडले. आजोबांनी विहाराच्या कपाटातून अठरावा खंड आणला. बाबासाहेबांची मराठी भाषणे त्यात तीन भागांत आहेत. तिने त्यातले एक वाक्य निवडले आणि खाली पान क्रमांक लिहिला. प्रत्येक विहारात असे एक कपाट असावे, आणि ते उघडणारे हात असावेत.

जयभीम!